लेकीच्या शिक्षणाचा वाटा

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक रंगारी आणि एक हलवाईण राहत होती. एकेकाळी ती नवरा-बायको होती. काडीमोड झाल्यावर रंगारी खालच्या आळीत राहिला, हलवाईण वरच्या आळीत, आणि त्यांची एकुलती एक मुलगी दोन्ही घरांत ये-जा करत मोठी झाली.

मुलगी हुशार निघाली. राजधानीच्या पाठशाळेत वैद्यकी शिकायला तिची निवड झाली, पण पाच वर्षांचा खर्च मोठा होता. त्या राज्यात वेगळ्या झालेल्या आईबापांमध्ये असा खर्च न्यायाधीश वाटून देत. ज्याची कमाई जास्त, त्याचा वाटा मोठा. दोघांचीही ऐपत नसली तर खर्च राज्य करी, पण त्याआधी मुलाला सात वर्षं मिठागरात राबावं लागे. तिथून परतलेली माणसं गावाने पाहिली होती. त्यांच्या पायांच्या जखमा कधी भरत नसत.

मिळकत तपासायला कारकून येणार असं कळताच रंगारी मुलीला म्हणाला, "ही नीळ काकाच्या गोठ्यात नेऊन ठेव. तुझी आई मला लुबाडायला बसलीय. देऊ दे तिलाच जास्त." मुलीने भर दुपारी नीळ वाहून नेली. संध्याकाळी आई म्हणाली, "साखरेची पोती मावशीकडे पोचव गं. बापाला कळू देऊ नकोस. त्याला काय कमी आहे?" मुलीने पोतीही पोचवली. दोघांच्या रागाला ती लहानपणापासून भीत आली होती, त्यामुळे नाही म्हणणं तिला जमलंच नाही.

कारकुनाला इकडे रिकामी पिंपं दिसली, तिकडे रिकाम्या कढया. त्याने जे दिसलं ते लिहून नेलं.

"दोघांचीही कमाई नाही, मग वाटे कशाचे करू?" न्यायाधीश म्हणाले. "मुलगी उद्या मिठागरात जाईल."

हलवाईण बोलेल, असं रंगाऱ्याला वाटलं. रंगारी बोलेल, असं हलवाईणीला वाटलं. न्यायासनापुढे खोटं बोलणाऱ्याला तुरुंग होता, म्हणून दोघंही शहाणी माणसं गप्प उभी राहिली.

न्यायाधीश मुलीकडे वळले. "पोरी, यांनी काही लपवलंय का?"

मुलीने खरं सांगितलं तर आईही आत जाणार होती आणि बापही.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "मी जाईन मिठागरात."

हे ऐकून हलवाईण मटकन खाली बसली. "लपवलंय, महाराज. मीच हिच्या डोक्यावर पोती दिली."

"मीही तेच केलं," रंगारी म्हणाला. त्याला मान वर करवेना.

न्यायाधीशांनी नीळ आणि साखर परत आणवून मोजली. खर्चाचे तीन वाटे रंगाऱ्याला लावले, दोन हलवाईणीला. दोघं तुरुंगात बसली तर पैसे कोण भरणार, म्हणून तुरुंगाऐवजी दोघांना जबर दंड केला. तो भरताना दोघांचीही घरं गहाण पडली.

मुलगी राजधानीला निघाली तेव्हा दोघंही वेशीपर्यंत आली.

"सुट्टीत आधी माझ्याकडे येशील ना?" आईने विचारलं.

"की माझ्याकडे?" बाप म्हणाला.

मुलीने दोघांनाही वाकून नमस्कार केला. "मी सुट्टीतही पाठशाळेतच राहीन," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

तात्पर्य एवढंच: आईबाप आपापला वाटा टाळू लागले, की सगळा भार लेकरावर पडतो, आणि लेकरू ते विसरत नाही.