पालथं पडून पाइप

"सही करताय का न्हाई, उस्ताद? चारला कागद ऑफिसात जायचाय."

शिपाई दौलत निकम बँडच्या खोलीच्या दारात उभा होता. हातात बदलीचा अर्ज. बँडमधून काढून रायफल कंपनीत घ्या, असा.

पाइप मेजर जोती भोईटे आपल्या बॅगपाइपच्या सांध्याला दोरा गुंडाळत होते. पलटणीतल्या बारा पाइपवाल्यांचे ते उस्ताद. त्यांनी मान वर केली नाही.

"का जायचंय?"

"निशाणा चांगला हाय माझा."

"त्यो मला ठावं हाय. खरं सांग."

दौलत घुटमळला. ज्याचं नाक सदा वर, त्याला खरं सांगणं फार जड जातं.

"माझी सुपारी फुटायची होती. पोरीच्या बापानं भर बैठकीत इचारलं, फौजेत काय करता? म्हटलं, पाइप वाजवतो. तर म्हणाला, म्हंजी वाजंत्रीच की! वाजंत्री मांडवाला सांगायचा असतो, जावई कशाला करायचा?... समदी बैठक हसली, उस्ताद."

उस्तादांचा दोरा तुटला. त्यांनी दुसरा घेतला.

"मग?"

"मग काय! खोटं बोलला का त्यो? लढाई लागली की आपण बाजा ठिवतो अन् जखमींचं स्ट्रेचर उचलतो. लढत्यात दुसरीच. मला लढायचंय. सही करा, न्हाईतर मी थेट सायबाकडं जातो."

उस्तादांपुढं असं बोलायची छाती आजवर कुणाला झाली नव्हती. आत ढोल ताणत बसलेल्या दोघांनी दाराकडं माना वळवल्या.

उस्ताद उठले.

"पाइप घे. मैदानात चल."

मैदानात ऊन रणरणत होतं.

"फायरिंगला पडतोस तसा पालथा पड."

"अंगावर पाइप हाय, उस्ताद."

"पड!"

पडला.

"आता वाजव."

दौलत हट्टाला पेटला. त्यानं पिशवी काखेत कोंबली, नळ्या खांद्यावर सावरल्या, तोंड लावलं. छाती जमिनीला टेकलेली, श्वास भरेना. कोपर मातीत रुतलेलं, पिशवी दबेना. अडलेली म्हैस हंबरावी तसा एक आवाज निघाला आणि विरला.

पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तोंडात माती गेली. कानशिलं लाजेनं तापली, पण हार म्हणून मानायची नाही, असा त्याचा स्वभाव.

"बरं, ऱ्हाऊ दे पाइप," उस्ताद म्हणाले. "समज, शेजारी जखमी हाय. स्ट्रेचर उचल. पडूनच."

"पडून कसं उचलायचं?"

उस्ताद त्याच्यापुढं ताठ उभे होते.

दौलतनं त्यांच्या बुटांकडं पाहिलं. मग हुकमाची वाट न बघता उठला. धूळ झटकायचंही त्याला सुचलं नाही. राग अजून होता, पण तो आता कुणावर काढावा, हे त्याला कळेना.

"अन् त्या पोरीच्या बापाला काय सांगू?"

"त्याला म्हणावं, गोळी आली की बंदूकवाला शहाण्यावानी आडवा होतो. आमाला ती सोय न्हाई."

उस्तादांनी हात पुढं केला.

"तुला पायजे असंल ती सोय... तर आण कागद. करतो सही."