घंगाळ, गाडी आणि तांब्याची नळी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या माथ्यावर वसलेल्या एका गावात एक म्हातारा तांबट राहायचा. "माझ्या हातची ब्रेकची नळी आजवर कधी गळली नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला छाती काढून सांगायचा, आणि ऐकणारा मान डोलवायच्या आत स्वतःच खो खो हसायचा. "गळणार कशी? अजून एकही गाडीला बसली नाही!"

त्या काळी कुठले ब्रेक, असं म्हणून नाक मुरडू नका. पुढं यात बैल बोलणार आहे, ते चालतं ना तुम्हाला? मग ब्रेकही चालवून घ्या.

तांबटाची एकुलती एक मुलगी घाटाखाली दिली होती. कड्यावर उभं राहिलं की तिचं घर बोराएवढं दिसायचं. घर कसलं, नुसता धूर. सकाळी चूल पेटली की म्हातारा म्हणायचा, "उठली." संध्याकाळी धूर उशिरा निघाला तर याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

एकदा पहाटे धूर फार वेळ निघत राहिला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. म्हाताऱ्यानं ओळखलं. पाणी तापतंय. घरात बाळ आलं!

त्यानं बाळाच्या आंघोळीसाठी तांब्याचं घंगाळ घडवलं. हौसेच्या भरात ते एवढं दांडगं झालं, की डोक्यावर घेववेना. गाडीत घालून न्यावं, तर गाडीचा ब्रेक गेलेला. पायानं दाबायच्या पट्टीपासून चाकापर्यंत तेल नेणारी नळी गंजून फुटली होती, आणि घाट असा उभा, की बिनब्रेकाची गाडी मुलीच्या दारात न थांबता थेट परसात गेली असती, भिंतीतून.

"नळी ना? मीच करतो," तांबट म्हणाला.

पत्रा गुंडाळून, जोडून, ओढून लांब नळी करायला एक अख्खा पावसाळा गेला. गाडीखाली पाठीवर पडून त्यानं तिला आसाभोवती असं वळण दिलं, की बघत राहावं. आता तेवढी तोंडं ठोकून फुलवायची, म्हणजे तेल गळायला नको. तेवढ्यात खाली धूर निघाला. म्हाताऱ्याचे डोळे दरीत, हातोडी नळीवर. ठक, ठक, ठक.

"मालक, झालं का?" बैलानं विचारलं.

"झालं!"

"मग ती पाटावर काय राहिलीय?"

पाटावर पितळी चाकी होती, नळी जोडाला आवळून धरणारी. ती आधी नळीत ओवायची असते. तोंड फुलवल्यावर ती आत जाते कशाला!

"आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही खाली बघत होता. मला वाटलं, चाकी तिकडंच पाठवली."

तोंड कापलं, तर नळी आखूड पडली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वर्षी चाकी ओवली, ती उलटी. तिसऱ्या वर्षी एका टोकाची सुलट ओवली, दुसऱ्या टोकाची विसरला. हसा, हसा. तुमचं मन दुसऱ्याच्या अंगणात असतं तेव्हा तुमच्याही चाक्या पाटावरच राहतात.

"मालक, पायी जा की," बैल एकदा म्हणाला. "अर्ध्या दिवसाची वाट. घंगाळाला मी राखण बसतो."

"रिकाम्या हातानं? लेकीच्या दारात?" म्हातारा खेकसला, आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

पहाटेचा धूर हळूहळू लवकर थांबू लागला. बाळाला आता एवढं पाणी लागत नसावं. म्हाताऱ्याला ते कळलं, आणि त्यानं हातोडी आणखी जोरात चालवली.

शेवटी एका वर्षी नळी बसली. वळणावळणावर गाडी मुंगीच्या पावलानं उतरली. तेलाचा एक थेंब गळला नाही.

दारात लांब वेणीची एक मुलगी उभी होती, म्हाताऱ्याच्या खांद्याला लागणारी. तिनं घंगाळ एकटीनं उतरवलं आणि आत हाक दिली, "आई, कुणीतरी आजोबा आलेत!"

म्हाताऱ्याची लेक बाहेर आली. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. पण म्हाताऱ्याची खोड जाते कुठं? तो हात उंचावून म्हणाला, "उशीर झाला खरा, पण बोध घ्या गं पोरींनो. उतारावर निघायचं, तर ब्रेक पक्का हवा!"

लेकीनं घंगाळाच्या काठावरून हात फिरवला.

"मी रोज चुलीत ओली लाकडं घालायचे, आबा. धूर तुम्हाला वरून दिसावा म्हणून. डोळे चुरचुरायचे, पण घालायचे. आणि बोध तो नव्हे. कुणी वाट बघत असलं, तर रिकाम्या हातानं यावं, पण वेळेवर यावं."