सटवाने मळलेली माती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या तालमीवर अजून कौलंही चढली नव्हती तेव्हाची. निंबळवाडीत सटवा नावाचा कुंभार होता. तालमीच्या हौदातली माती दरसाल तोच मळायचा. ताक, तेल, हळद घालून पायांनी तुडवायचा, एक खडा राहू द्यायचा नाही. माती लोण्यासारखी झाली की गावचे पैलवान लंगोट कसून यायचे आणि म्हणायचे, "चल सटवा, नीघ आता." तो निघायचा.

सटवाला कुस्ती खेळायची होती. भैरोबाच्या जत्रेत, गावाच्या नावावर. एवढंच हवं होतं त्याला. त्याने येसू वस्तादाला विचारलं. वस्ताद म्हणाला, "कुंभारानं माती मळायची. अंगाला लावायची न्हाई." सगळी तालीम हसली, असं म्हणतात. म्हणतात कशाला, हसलीच! आपलेच पणजोबा होते ते.

सटवाने भट्टीमागे स्वतःचा हौद खणला. जोडीला कोणी येईना, म्हणून तो आपल्या रेड्याशी झुंजायचा. आधी रेडा त्याला फेकायचा, मग दोघे बरोबरीत सुटायला लागले, आणि पुढे तर सटवाला बघितलं की रेडा आपणहून पाठ टेकायचा, असं म्हणतात. गावाला हे बघवलं नाही. कुणीतरी त्याच्या हौदात खापरं फोडून पसरली. सटवा खापरांवरच मेहनत करत राहिला. पाठ फाटली, गुडघा निखळला, ती जत्रा हुकली. बायको रखमा गुडघा शेकताना म्हणाली, "सोडा की ह्यो नाद."

"नाद न्हाई, राग हाय ह्यो," सटवा म्हणाला. "लंगडा झालो तरी लढीन."

पुढच्या जत्रेत घाटावरचा एक पैलवान आला. त्याने गावचे सगळे गडी चीत केले आणि जोड मागत, हात वर करून मैदानात फिरू लागला. सगळ्यांच्या माना खाली. तेव्हा सटवा उतरला. "ए कुंभारा, बाहेर हो!" वस्ताद ओरडला. पण आपल्याकडे रीत अशी, की समोरच्याने हातावर माती ठेवली की कुस्ती ठरली. मग ती देवालाही मोडता येत नाही. त्या पैलवानाने सटवाची फाटकी पाठ बघितली, वाकून मूठभर माती उचलली आणि त्याच्या हातावर ठेवली. परक्याने ठेवली! गावातल्या एकालाही ते जमलं नव्हतं.

दुपारी लागलेली कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालली. धुळीने सूर्य झाकला, असं म्हणतात. शेवटी सटवाने त्याला असा आपटला, की देवळातली घंटा आपोआप वाजली. "आमचा सटवा! आमचा गडी!" करत लोक धावले. वस्ताद तर फेटा घेऊन पुढे आला. लाज कशी वाटली नाही!

"हात लावू नका," सटवा म्हणाला. "गावाच्या नावावर लढायचं हुतं मला. हातावर माती पडली तवा गाव कुठं हुतं?"

त्याच पावली तो रखमाला आणि रेड्याला घेऊन गेला. त्याने वेस ओलांडली आणि इकडे हौदातल्या मातीचा दगड झाला. कुदळी वाकल्या. घागरी भरून ताक ओतलं, ते वरच राहिलं. कित्येक वर्षं गावात कुस्ती झाली नाही. अखेर म्हातारा वस्ताद एकटाच हौदात उतरला आणि सटवाचं नाव घेत तुडवू लागला. त्याचे पाय रक्ताळले, तेव्हा कुठे वीतभर माती मऊ झाली. मग त्याने गावाला हाक मारली.

म्हणून जत्रेआधी सगळं गाव सटवाचं नाव घेऊन माती मळतं. जो मळत नाही, त्याला मैदानात जागा नाही. आणि पहिली मूठ, जो कधीच लढला नाही त्याच्या हातावर ठेवतात, मग तो कोणाचाही कोण असो. गेल्या साली एक पुढारी आला होता. बूट काढेना. "गडी लावा आणि मळून घ्या," म्हणाला. त्याच्यासाठी आणलेला हार शेळीने खाल्ला, आणि त्याने सगळ्या कुस्त्या कुंपणाबाहेर उन्हात उभं राहून बघितल्या.