मंदगेने पोटात राखलेली अंडी

पूर्वी कृतयुगात, प्रजापतीची सृष्टी अजून नवी असताना, यच्चयावत प्राणी अंड्यातूनच जन्म घेत. मादीने अंडी मातीच्या स्वाधीन करावीत आणि धरित्रीने ती उबवावीत, असा विधात्याचा नेम होता. नेम उत्तम, पण तो करताना विधात्याला हिमालयाचा साफ विसर पडला, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे!

त्या हिमालयाच्या, देवदारांनी वेढलेल्या एका उतारावर मंदगा नावाची सर्पिणी राहत असे. सलग तीन वर्षे तिची अंडी बर्फाखाली गोठून गेली होती. चौथ्या शरदात पोट जड झाले, तशी ती अग्निहोत्री तुहिन ऋषींच्या आश्रमात गेली.

"महर्षे, यज्ञकुंडाच्या उबेला माझी अंडी ठेवू द्या. याही वर्षी ती गेली, तर मी जगू कशाला?"

"खुशाल ठेव," ऋषी म्हणाले आणि लगेच ओशाळले. "अगं, पण हिमपाताच्या भयाने आम्ही उद्याच दरीत उतरणार. मागे कुंड थंड पडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रवासाला निघणारा अग्निहोत्री करतो त्याप्रमाणे, ऋषींनी ज्वाळांवर तळवे धरले, मंत्र म्हणत ती ऊब श्वासाबरोबर आत ओढली आणि अग्नी स्वतःच्या देहात साठवला. बाहेरचे कुंड विझले. मंदगा टक लावून पाहत होती.

"थांबा! आपण अग्नी पोटात घेऊन डोंगर उतरता, मग माझी अंडी मी पोटात का बाळगू नयेत?"

ऋषी निघता निघता थांबले. त्यांनी प्रजापतीचे आवाहन केले. तो हंसारूढ जगत्पिता प्रकट झाला, तो कपाळाला आठ्या घालूनच.

"वेडे, जड पोटाने तुला पळता येणार नाही, शिकार साधणार नाही. ससाण्याने तुला उचलले, तर तुझ्याबरोबर सगळीच पिले जातील!"

"आजवर ती सगळी गेली आणि मी तेवढी उरले, प्रजापते. त्यापेक्षा हे बरे."

विधाता आठ्या मिटवून म्हणाला, "तथास्तु."

मंदगा हिवाळाभर उपाशी राहिली. ऊन पडले की तापल्या खडकावर, ढग आले की कपारीत, असे तिने ते पोट सांभाळले. वसंतात तिला जिवंत, वळवळणारी पिले झाली. याच वराने पुढे गर्भातून जन्मणाऱ्या प्राण्यांचे वंश चालले. घोणस तर आजही अंडी घालत नाही, पिलांनाच जन्म देते.

पिलांना मात्र त्या वराचे काही सोयरसुतक नव्हते. ती सरळ गवतात पसार झाली. एकानेही मागे वळून पाहिले नाही. मंदगा थकून पडली होती, तरी मान उंचावून बघत राहिली. आपले लेकरू हलताना ती आयुष्यात प्रथमच पाहत होती.