कासाराची प्यादेमात

खूप जुन्या काळी, इतक्या जुन्या की त्या वेळच्या राजाचं नावही आज कोणाला सांगता येत नाही, एका राज्यात बुद्धिबळाचं भलतंच वेड होतं. सुगी आटोपली की गावोगाव जत्रा भरत, आणि प्रत्येक जत्रेत देवळाच्या ओवरीत पट मांडले जात. कुस्तीला नसे इतकी गर्दी तिथे जमे. फरक एवढाच, की या गर्दीत कोणी तोंडातून ब्र काढायचा नाही. बघ्याने चाल सुचवली की त्याला धरून बाहेर काढत, मग तो गावचा पाटील का असेना.

त्याच राज्यात एक कासार राहत होता. जत्रांचे दिवस आले की तो आणि त्याची बायको बांगड्यांची ओझी घेऊन निघत. बायको पाल ठोकून बसे आणि आयाबायांच्या हातांत बांगड्या भरे. कासार मात्र ‘आलोच हं’ म्हणून जो ओवरीकडे जाई, तो हरूनच परत येई.

हो, हरूनच. त्यात आडपडदा कशाला ठेवायचा? खेळ तो उशिरा शिकला होता, लग्न झाल्यावर. सुरुवातीला तर डाव रंगायच्या आतच वजीर घालवून बसे. जत्रेत चिठ्ठ्या टाकून जोड्या लावत. ज्याच्या वाट्याला कासार येई, तो लगेच पुढच्या बैठकीत आपल्यासमोर कोण येतंय याची चौकशी सुरू करी.

पण कासार मोठा चिकट होता. घरी कापडाचा पट पसरायचा, फुटक्या बांगड्यांचे हिरवे तुकडे एकीकडे आणि लाल दुसरीकडे मांडायचे, आणि हरलेला डाव पहिल्यापासून पुन्हा खेळायचा. कुठे घसरलो ते सापडेपर्यंत त्याला चैन पडत नसे. हळूहळू समज वाढली. उंटाची तिरकी वाट दिसू लागली. घोडा कुठून उडी घेणार याचा अंदाज येऊ लागला. खेळ खरोखर सुधारला.

आणि तरी तो हरतच राहिला. पूर्वी लवकर हरायचा, आता उशिरा हरू लागला, इतकंच. मंडळी, हे दुःख फार वाईट. ज्याला काहीच येत नाही, तो हरला तर हसून उठतो. ज्याला थोडं येऊ लागतं, त्याला आपली चूक डोळ्यांसमोर दिसते, आणि ती घेऊन त्याला घरी जावं लागतं.

बायको वैतागून गेली. ‘‘पूर्वी निदान जेवायच्या वेळेपर्यंत हरून तरी यायचात,’’ ती म्हणाली. ‘‘आता हरायलासुद्धा तुम्हाला दिवस पुरत नाही. पाल मीच ठोकायचं, मीच सोडायचं, ओझंही मीच बांधायचं. माझी कंबर राहिली नाही हो.’’

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं.

‘‘मी काही राक्षसीण नाही,’’ बायको म्हणाली. ‘‘यंदाच्या थोरल्या जत्रेत एक बैठक जिंका. एकच. मग जन्मभर खेळा, मी चकार शब्द काढणार नाही. पण हरलात तर पट नदीत सोडायचा आणि पुन्हा मोहऱ्याला हात लावायचा नाही. आहे कबूल?’’

‘‘कबूल,’’ कासार म्हणाला. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. ती त्याला गावच्या खंडोबापुढे घेऊन गेली आणि त्याला बेलभंडार उचलायला लावला. त्या मुलखात बेलभंडार उचलून घेतलेली शपथ कोणी मोडत नसे, आणि ती घ्यायला लावणाऱ्यालाही परत घेता येत नसे. या खेळाखेरीज आपल्याला स्वतःचं असं काही नाही, हे कासाराला त्या दिवशी नीट कळलं.

थोरली जत्रा भरली. चिठ्ठ्या निघाल्या आणि कासाराच्या समोर आले म्हातारे वैद्य. झालं! त्या ओवरीत वैद्यबुवांना हरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. लोकांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले. कासार मात्र पटाशी जाऊन बसला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या राज्यात सगळ्या जिंकण्यांची किंमत सारखी नसे. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर ती साधी मात. जिंकणारा जिंकला, पुढच्या बैठकीला गेला, बाकी काही नाही. पण सगळ्यांत लहान मोहऱ्याने, प्याद्याने, राजाला मात केली तर ती प्यादेमात. मग चौघडा वाजे. जिंकणाऱ्याला देवासमोरच्या चौथऱ्यावर बसवत, आणि त्याची बायको आली असेल तर तिलाही शेजारी बसवून तिची ओटी भरत. प्यादेमात करणाऱ्याचं नाव पुढे कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी राही.

डाव सुरू झाला. आणि काय सांगावं, कासार त्या दिवशी आयुष्यात खेळला नव्हता तसा खेळला. वैद्यबुवांनी लावलेला सापळा त्याने ओळखला. दुसराही ओळखला. वजिरावर वजीर गेला. उंट गेले. वैद्यबुवा आधी पान चघळत होते, ते चघळायचे थांबले. मग त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. दुपार कलली तेव्हा त्यांचा राजा पटाच्या कडेला पुरता कोंडला होता. जवळ उरला होता एक घोडा आणि थोडी प्यादी.

कासाराने पटाकडे पाहिलं. हत्ती शेवटच्या ओळीत नेला की मात होती. एकाच चालीत. त्याने पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. चूक नव्हती. समोर वैद्यबुवांनाही ते दिसलं होतं. डाव सोडायला त्यांचा हात राजाकडे निघालाही होता.

त्याच वेळी कासाराने मान वर केली. गर्दीच्या कडेला त्याची बायको उभी होती. पाल शेजारणीवर टाकून आली होती. इतक्या वर्षांत ती ओवरीत कधी फिरकली नव्हती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती पटाकडे नाही, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

कासाराला भरून आलं. हिने किती ओझी उचलली! लोक आपल्याला हसले तेव्हा तेही हिनेच ऐकून घेतलं. हिला नुसती साधी मात द्यायची? पटावर एक प्यादं होतं. आता एक घर, पुढच्या चालीला आणखी एक घर, की प्यादेमात. हिला आज चौथऱ्यावर बसवू. हिची ओटी भरताना सगळ्या जत्रेला बघू दे. वैद्यबुवा एका चालीत काय करणार आहेत?

त्याचं बोट प्याद्याला लागलं.

आणि बोट लागल्याबरोबर त्याला तो घोडा दिसला. एकाच उडीत कासाराच्या राजाला शह आणि हत्तीवर घाला. आत्तापर्यंत ते त्याला कसं दिसलं नव्हतं देव जाणे. पण बोट लागलं की तेच मोहरं चालवायचं, हा नियम. बोट उचलेना. शेवटी त्याने प्यादं एक घर सरकवलं.

वैद्यबुवांनी राजाकडे नेलेला हात मागे घेतला. ‘‘गड्या,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मी राजा आडवा करायलाच निघालो होतो रे.’’ आणि त्यांनी घोडा उचलला.

हत्ती गेला. मग प्यादं गेलं. मग एकेक करत सगळंच गेलं. कासार शेवटपर्यंत खेळला, कारण आता हा आपला शेवटचा डाव आहे हे त्याला ठाऊक होतं. तिन्हीसांजेला त्याच्या राजावर मात झाली.

गर्दीला आता बोलायची मुभा होती. ‘‘अरे, हत्ती होता की! हत्ती सरकवला असता तर संपलं होतं!’’ लोक ओरडत होते. बायकोने ते ऐकलं. ती त्याच्याजवळ आली.

‘‘जिंकत होतात?’’

‘‘हो.’’

‘‘मग?’’

कासाराने तिला चौथऱ्याचं सांगितलं, ओटीचं सांगितलं. तिचे डोळे भरले.

‘‘मला साधं जिंकलेलं चाललं असतं हो,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही जिंकावं म्हणून मी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.’’

दुसऱ्या दिवशी कासाराने पट नदीत सोडला. ती काठावर उभी राहून रडत होती. शपथ परत घेता आली असती तर तिने तिथेच घेतली असती. पण बेलभंडार उचलला होता.

पुढच्या वर्षी वैद्यबुवा स्वतः पालावर आले. ‘‘कासारा, तुझ्यासारखा घाम मला कोणी फोडला नाही. चल, एक डाव होऊ दे,’’ म्हणाले. कासाराने नुसते हात जोडले. वैद्यबुवा निघून गेले.

आता पाल तोच ठोकी आणि तोच सोडी. बायकोला हवा होता तसा नवरा दिवसभर शेजारी बसू लागला. ती मागेल त्या रंगाच्या बांगड्या काढून देई, विचारलं तेवढंच बोले. एकदा तिला ते बघवेना. ‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘जत्रा भरलीय. जरा पाय मोकळे करून या की.’’

कासाराने तिच्याकडे पाहिलं.

‘‘कुठे जाऊ?’’ त्याने विचारलं.

लहानथोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: हाती आलेलं साधं यश ज्याला अपुरं वाटतं, तो ते यश तर घालवतोच, पण ते पुन्हा मिळवायची वाटही घालवून बसतो.