साहेबांच्या गाडीचं छप्पर

पालिकेच्या कचेरीत साहेबांच्या गाड्या राखायचं माझं काम. बसल्या बसल्या सगळी कटकट कानावर येते. रस्ते झाडणाऱ्या बायका कधीपासून मागत होत्या, शहरातल्या सगळ्याच लेकरांसाठी फुकट पाळणाघरं काढा, सुरुवात इथून करा. साहेबांचं एकच पालुपद, "जागा नाही."

शेवटी वैतागून सुंदराबाईनं नुकतं चालू लागलेलं आपलं पोर जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गाड्यांच्या शेडच्या खांबाला बांधलं आणि खराटा उचलला. तेवढ्यात साहेब गाडीतून उतरले नि कडाडले, "अगं, पोराला गुरासारखं बांधतेस?"

"सोडलं की रस्त्यावर पळतंय, साहेब."

"मग सांभाळायला कुणी ठेव!"

"तेच तर मागतोय! तुमची गाडी आपणहून जागची हलत नाही, भुकेनं रडत नाही. तरी तिला पालिकेची जागा, वर छप्पर, राखायला हे सोपानमामा, सगळं फुकट. माझ्या पोरानंच काय घोडं मारलंय?"

दिवाळीच्या आत त्याच शेडला भिंती आल्या, पाळणे लागले.

काल साहेब कुरकुरले, "मामा, गाडी उन्हात फार तापते हो."

मी म्हटलं, "तापू द्या साहेब, रडत तर नाही ना?"