मेलेल्या राईचं गाऱ्हाणं

"पण झाडं कुठे आहेत?" ऋजुताने विचारलं.

"हीच मां," शाणू गुरव म्हणाला.

ऋजुताला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण ऐंशीच्या घरातला शाणू गुरव थट्टा करत नव्हता. नेरवाडीच्या देवाची पूजा त्याच्याकडे आणि देवाच्या राईची राखणही त्याच्याकडेच.

राई म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे उभी राहायची ती मान दुखेस्तोवर वर पाहावी अशी झाडं. भर दुपारीही खाली ऊन पोचत नाही अशी सावली. आयर्लंडमध्ये पाच वर्षं दलदलींवर प्रबंध लिहिताना तिने मनाशी गाठ मारली होती, परतायचं ते वडिलांच्या गावच्या राईसाठी.

आणि परतून पाहिलं तर काय? खाडीलगत घोटाभर पाय रुतेल असं काळं, पाणथळ रान. त्यात गुडघ्याएवढे जळके खुंट. ती पोचायच्या आठच दिवस आधी वणवा लागून गेला होता. त्याआधी तरी काय होतं? कमरेएवढी झुडपंच. त्याला राई हे नाव कुणी दिलं, देव जाणे.

आठ दिवस. ते आठ दिवस पुढचे दोन महिने तिला काट्यासारखे सलत होते. आधी आले असते तर...

मग तिने डोळे पुसले आणि ती कामाला लागली. राईच्या कडेने खोल चर खणायचा, साचलेलं पाणी खाडीत सोडायचं, जमीन कोरडी झाली की उंडी आणि सुरंगीची उंच झाडं लावायची. खरी राई उभी करायची. गावाने मान डोलावली. जेसीबी उद्या सकाळी यायचा होता. अडलं होतं एकाच गोष्टीवर. शाणू गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय राईत खोदकाम करायचं नाही, हा गावचा नेम.

"आजोबा, तेवढं आज घालाल ना?" देवळात येऊन तिने विचारलं.

"घालतंय. काय सांगू देवाक?"

"काय म्हणजे?"

"गाऱ्हाणा असा मोघम नसता गो. कोण इला, कशाक इला, सगळा खरा खरा सांगूचा लागता."

ऋजुता ताठ उभी राहिली. "सांगा, मोंडकरांची ऋजुता आली आहे. मेलेली राई पुन्हा जिवंत करायला."

शाणू गुरवाने हातातला नारळ खाली ठेवला.

"मेली?"

"दिसतंय की, आजोबा."

"तुका दिसता. देवाक खोटा सांगून माझी जीभ झडली तर? या वयात दात गेले, जीभ तेवढी उरली हा."

"मग काय करू?"

"एक झुडूप मुळासकट उपटून घेवन ये. मेलेला मूळ माका दाखव. मगे घालतंय गाऱ्हाणा."

ती निघालीच. मेलेलं झुडूप उपटायला कितीसा वेळ लागतो?

"आणि ते बूट हंय काढ. राईत पायात घालून कोण जाता?"

तिने एक खुंट धरला आणि ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हाताला काजळी लागली, खुंट जागच्या जागी. मग ती गुडघ्यांवर बसून हातांनी उकरू लागली. वर राख. राखेखाली थंडगार, मऊ, काळा थर, न कुजलेल्या पानांचा. एक वीत गेली, खोडाला मुळांची दाढी लागली. तिला वाटलं, संपलं. पण खोड खाली चाललेलंच होतं. आणखी एक वीत, पुन्हा दाढी. पुन्हा खोड.

हात कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत. गाल चिखलाला टेकला.

खोड संपेना.

नखाने तिने साल खरवडली आणि हात वर काढला. नखात हिरवं होतं... ओलं, ताजं हिरवं.

ती परत आली तेव्हा ऊन कलत होतं. एका बाजूने पूर्ण काळी, हात रिकामे.

"मूळ गावला?"

"नाही."

"खोड?"

"खोडच संपत नाही, आजोबा."

"तुमच्या थंय झाडाची उंची खंयसून मोजतत?"

"जमिनीपासून."

"आणि जमीनच वर येत ऱ्हवली तर?"

तिने हातावरच्या काळ्या चिखलाकडे पाहिलं. पाण्यात बुडालेलं पान कुजत नाही, थरावर थर चढत जातो. हे तिनेच प्रबंधात लिहिलं होतं. चांगली चाळीस पानं. दरवर्षी पानं गळतात, जमीन केसभर वर येते, आणि बुडू नये म्हणून झुडूप डोकं वर काढतं. किती शतकं, कोण जाणे.

"म्हणजे मी..." ती मटकन पायरीवर बसली. "मी इतके दिवस शेंड्यांवर चालत होते."

"बूट घालून," शाणू गुरव म्हणाला.

आधी तिला रडू आलं, मग हसू. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. आग शेंड्यांना लागली होती. उशीर झालाच नव्हता. आणि उद्या तिचा चर ते सगळं पाणी खाडीत सोडून राई खरोखर मारणार होता.

शाणू गुरवाने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

सकाळी जेसीबीवाला चहा पिऊन तयार होता. ऋजुताने त्याला आल्या वाटेने परत पाठवलं. चर नाही, उंडी नाही, सुरंगी नाही. राईतलं पाणी राखायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि आपण याच गावात राहायचं. एवढं ठरवून ती देवळात आली. शाणू गुरव अंगण झाडत होता.

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता, झाडत होता.

"आजोबा, राई पुन्हा कमरेला कधी लागेल हो?"

केरसुणी थांबली...

"कोणाच्या कमरेक गो? शेंड्यार उभ्या माणसाच्या, काय मुळाशी उभ्या?"